मिन्समीट खाल्लं म्हणजे मटण खाल्लं का?

डिसेंबर आला की या सदराच्या टपालात मिन्समीट येतंच. यंदा इंग्लंडमधून आलं, ऑकलंडहून आलं, आणि गंमत म्हणजे डोंबिवली-नाशिकहूनही आलं, त्यामुळे यावेळी बाकी सगळे प्रश्न (केकमध्ये अंड्याऐवजी काय घालू वगैरे) पुढच्या अंकात ढकललेत आणि अख्खं सदर याच एका जुन्या इंग्रजी शब्दाला देऊन टाकलंय.

प्रश्न : ताई, मुलाच्या शाळेत ख्रिसमसचा कार्यक्रम होता, तिथे मिन्स पाय म्हणून छोट्या गोड पेस्ट्र्या वाटल्या. आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या, छान लागल्या. नंतर खोका बघितला तर त्यावर 'मिन्समीट' असं लिहिलेलं! आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. सासूबाई सध्या आमच्याकडेच आल्यात आणि त्यांनी तर दोन खाल्ल्या. आता त्यांना काय सांगू? — एक वाचक, लेस्टर

आधी श्वास घ्या. आजच्या इंग्लंडात दुकानात मिळणाऱ्या मिन्स पायमध्ये मटणाचा किंवा कसलाही मांसाचा तुकडा जवळजवळ नसतोच. आत जे काळपट, चिकट, मसालेदार सारण असतं ते म्हणजे बेदाणे, सुलताना, करंट नावाचे बारीक काळे बेदाणे, सफरचंद, साखर, संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल, जायफळ-दालचिनी-लवंग आणि बहुतेक वेळा थोडी ब्रँडी. हे झालं मिन्समीट. मिन्स म्हणजे बारीक चिरलेलं, आणि मीट... त्यावर पुढे येतेच.

पण 'मांस नसतं' आणि 'शाकाहारी असतं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला सांगावंच लागेल, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईंनी अर्धवट सांगितलं. मिन्समीटमध्ये परंपरेने एक पदार्थ घालतात त्याचं नाव सूएट. सूएट म्हणजे गाय-बैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवती जी कडक पांढरी चरबी असते ना, ती. मांस गेलं पण ही चरबी राहिली. आता मात्र बाजारात दोन प्रकार आहेत, एक गाईच्या चरबीचं सूएट आणि दुसरं पामतेल वगैरेपासून केलेलं व्हेजिटेबल सूएट. तिथल्या सुपरमार्केटांचे पुष्कळ मिन्स पाय व्हेजिटेबल सूएटचे किंवा नुसत्या वनस्पती तेलाचे असतात, कारण शाकाहारी गिऱ्हाईक त्यांनाही हवंय, पण 'ट्रॅडिशनल', 'लग्झरी' असली विशेषणं लावलेल्या खोक्यांत बीफ सूएट निघू शकतं. कसायाच्या दुकानात किंवा गावच्या जत्रेत घरगुती म्हणून मिळणाऱ्यांचं तर विचारूनच खात्री करायची.

मग बघायचं कसं? आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची सवय असते, तो तिकडे नाही. तिकडे 'सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स' असं लिहिलेलं असतं किंवा व्हेजिटेरियन सोसायटीचं चिन्ह असतं (ही संस्था 1847 सालची आहे, म्हणजे इंग्लंडात शाकाहार आपण नेला असं समजायचं कारण नाही). हे दोन्ही नसेल तर घटकांची यादी वाचा. आणि इथे एक फसगत होते. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे यादीत 14 प्रकारचे ॲलर्जीवाले घटक ठळक दिसतील असे छापावे लागतात, गहू, दूध, अंडं, सल्फाइट वगैरे. घाईत माणूस ठळक अक्षरंच वाचतो. गाईची चरबी त्या 14 मध्ये नाही! म्हणजे 'व्हीट फ्लोअर' ठळक आणि त्याच्या शेजारी 'बीफ फॅट' साध्या अक्षरात, असं होतं, आणि नजर सरळ पुढे जाते. तेव्हा यादीत सूएट शब्द सापडला की त्याच्या आधीचा आणि कंसातला शब्द वाचायचा, बीफ आहे की व्हेजिटेबल. शिवाय वरच्या पारीत बटर आहे की लार्ड ते बघायचं. लार्ड म्हणजे डुकराची चरबी, आणि जुन्या पद्धतीच्या पारीत ती घालतात. वर चकाकीसाठी अंडं फासलेलं असू शकतं. ब्रँडी तर बहुतेक असतेच, ती तुमच्याकडे चालते की नाही ते मी कशाला विचारू.

शाळेतला खोका अजून कुणाकडे असेल तर फोटो मागवून यादी वाचा. व्हेजिटेबल निघालं तर प्रश्नच मिटला. बीफ निघालं तर सासूबाईंना सांगायचं की नाही हे मी नाही ठरवणार. माझं मत विचाराल तर सांगावं, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी दुसरं सांगणारच, आणि तेव्हा 'तुला माहीत होतं?' हा प्रश्न जास्त जड जातो.

प्रश्न : मीट नाही तर नाव मीट कशाला? ही सरळसरळ फसवणूक नाही का? — एक वाचक, डोंबिवली

फसवणूक नाही हो, उलट एकेकाळी नाव अगदी खरं होतं, आत खरोखरच मांस असायचं आणि तेही भरपूर.

1615 साली गर्व्हेस मार्कम नावाच्या लेखकाने इंग्लिश गृहिणींसाठी पुस्तक लिहिलं, त्यातली मिन्स्ड पायची कृती बघा. मेंढीची अख्खी तंगडी घ्या, मांस हाडावरून सोडवा, अर्धवट उकडा, त्यात तीन पौंड म्हणजे जवळजवळ 1 किलो 360 ग्रॅम मेंढीचं सूएट घाला, बारीक करा, मीठ, लवंग, जायपत्री घाला, आणि मग करंट, बेदाणे, सुके आलुबुखार, खजुराचे काप, संत्र्याची साल. मटण आणि खजूर एकत्र! आपल्याला ऐकून कसंसं होतं, पण मुंबईतल्या पारशी घरात जर्दाळू मां गोश्त शिजतंच की, आणि बिर्याणीत तळलेला बेदाणा दाताखाली आला तर कोणी ताट सारत नाही. मध्ययुगातल्या युरोपातल्या श्रीमंतांच्या स्वयंपाकात मांस, सुका मेवा, साखर आणि पूर्वेकडचे मसाले एकत्र असणं नेहमीचं होतं. राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांचा 1390 च्या सुमाराचा पाककृतीसंग्रह आहे, त्यात असले पदार्थ आहेत. गोड वेगळं आणि तिखट-मिठाचं वेगळं हा भेद तिकडे नंतर आला.

तेव्हा पायच्या पारीला काय म्हणायचे माहितीये? कॉफिन. हो, तेच, शवपेटीवालं. त्या काळी कॉफिन म्हणजे नुसती पेटी, डबा. जाडजूड पिठाची पेटी करायची, आत सारण भरायचं, वर झाकण लावायचं. म्हणून जुनं इंग्रजी पाकपुस्तक उघडलंत आणि 'कॉफिनमध्ये मांस भरा' असं वाचलंत तर घाबरू नका.

आता पुढची पायरी. 1747 साली हॅना ग्लासचं पुस्तक आलं, ते त्या काळी घराघरात गेलेलं पुस्तक. तिच्या मिन्स पायमध्ये तीन पौंड सूएट, दोन पौंड बेदाणे, दोन पौंड करंट, पन्नास सफरचंदं (पन्नास! कुटुंबं केवढी असतील बघा), अर्धा पौंड साखर, जायपत्री, लवंग, दोन मोठी जायफळं, ब्रँडी आणि सॅक नावाची स्पॅनिश वाइन. हे सगळं दगडी बरणीत दाबून ठेवलं की चार महिने टिकतं असं ती म्हणते. आणि मग शेवटी, जाता जाता, की तुम्हाला पायमध्ये मांस हवंच असेल तर बैलाची जीभ उकडून, सोलून, बारीक चिरून घाला, नाहीतर दोन पौंड बीफ घाला. बघा, मार्कमकडे मांसापासून सुरुवात होती, ग्लासबाईंकडे ते 'हवं असेल तर' झालं. मला तर सगळ्या गोष्टीत हेच एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पदार्थ बदलतो तो असा, कुणी जाहीर करत नाही, कृतीच्या शेवटी एक 'हवं असेल तर' येऊन बसतं.

आणि मग 1861 मध्ये मिसेस बीटन. तिच्या पुस्तकात मिन्समीटच्या दोन कृती लागोपाठ आहेत. पहिलीत दीड पौंड बिनचरबीचं बीफ आहे. दुसरीत मांस अजिबात नाही, सूएट आहे, सफरचंदं, लिंबं, बेदाणे, ब्रँडी आहे, आणि तिचं नाव काय ठेवलंय तर 'एक्सलंट मिन्समीट'. म्हणजे बिनमांसाचं ते उत्कृष्ट! बाईंनी निकालच देऊन टाकला. त्यानंतर हळूहळू मांस मागे पडत गेलं आणि विसाव्या शतकात दुकानी बरणीतून ते गेल्यातच जमा झालं, राहिलं ते सूएट.

का गेलं? एक म्हणजे साखर स्वस्त झाली. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या मेहनतीवर, इंग्लंडात साखरेचा पूर आला आणि जी वस्तू आधी मसाल्यासारखी चिमटीने वापरत ती पौंडाने वापरायला लागले, पाय गोड होत गेला आणि जेवणाच्या शेवटी जाऊन बसला. गोड शेवटी खायचं म्हटल्यावर त्यात बैलाची जीभ कशाला. दुसरं म्हणजे चव. जायफळ, लिंबाची साल, ब्रँडी आणि पौंडावारी सुका मेवा यांच्यात मांसाचा पत्ताही लागत नाही, मग महागाचं मांस घालून फायदा काय, असा हिशोब कुठल्याही घरातल्या बाईने केला असणारच.

आणि एक, कुणी तुम्हाला सांगितलं की क्रॉमवेलने (सतराव्या शतकात राजाला हटवून इंग्लंडचा कारभार हाती घेतलेला पुढारी) मिन्स पाय खाण्यावर बंदी घातली होती, तर विश्वास ठेवू नका. 1647 मध्ये तिथल्या प्युरिटन, म्हणजे कडक धार्मिक पंथाच्या, संसदेने ख्रिसमसचा सणच रद्द केला हे खरं आहे, पण पायवर वेगळा कायदा वगैरे काही नव्हता. दर डिसेंबरात ही गोष्ट फिरते आणि दर डिसेंबरात ती तितकीच चुकीची असते.

प्रश्न : आमच्या गिरगावात जुन्या दुकानांवर 'स्वीटमीट मार्ट' अशा पाट्या आहेत. हा इंग्रजी न येणाऱ्याने केलेला गोंधळ आहे असं माझा नातू म्हणतो. खरं आहे का? — एक आजोबा, मुंबई

आजोबा, नातवाला सांगा की पाटी रंगवणाऱ्याला त्याच्यापेक्षा जुनं इंग्रजी येत होतं. स्वीटमीट हा अस्सल इंग्रजी शब्द आहे, अर्थ मिठाई. जुन्या इंग्रजीत 'मीट' म्हणजे कुठलंही अन्न, नुसतं खाणं. मांसापुरता अर्थ नंतर आकसला. पुरावा हवा असेल तर 1611 चं किंग जेम्स बायबल उघडा, लेवीय या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात 'मीट ऑफरिंग' आहे आणि ते कशाचं, तर बारीक दळलेल्या पिठाचं, वर तेल आणि धूप. मांसाचा कणही नाही. नारळाच्या खोबऱ्याला इंग्रजीत 'कोकोनट मीट' म्हणतात तेही त्यातलंच.

साहेबाच्या काळात भारतात मिठाईला सर्रास स्वीटमीट म्हणत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831) चाळा, आपल्या गोड पदार्थांच्या नावांपुढे हा शब्द पुन्हा पुन्हा भेटेल. इंग्लंडात तो शब्द म्हातारा होऊन बाजूला पडला, आपल्या हलवायांच्या पाट्यांवर मात्र टिकून राहिला. त्यामुळे काही परदेशी पाहुणे त्या पाटीकडे बघून दचकतात खरे, पण तो त्यांचा प्रश्न.

आता नातवाला उलटा प्रश्न विचारा : स्वीटब्रेड म्हणजे काय? तो म्हणेल गोड पाव. अजिबात नाही. स्वीटब्रेड म्हणजे वासराच्या किंवा कोकराच्या गळ्या-छातीजवळची थायमस ग्रंथी, नाहीतर त्याचं स्वादुपिंड. शुद्ध मांसाहार. म्हणजे स्वीटमीटमध्ये मीट नाही आणि स्वीटब्रेडमध्ये ब्रेड नाही. युरोपात फिरायला जाणाऱ्या शाकाहारी मंडळींनी हा दुसरा शब्द पाठच करून ठेवा, मेन्यूवर तो फार निरागस दिसतो. (आणि आपण त्या अवयवाला मराठीत स्वादुपिंड म्हणतो, म्हणजे 'गोड' तिथेही आहेच, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.)

याच जातीचा तिसरा शब्द प्लम. प्लम केकमध्ये प्लम का नसतात असं दोघातिघांनी विचारलंय. जुन्या इंग्रजीत केक-पुडिंगच्या संदर्भात प्लम म्हणजे बेदाणे-मनुका. बास, एवढंच आहे ते.

प्रश्न : मी ऑकलंडला नवीन आलोय. तुमच्यासारख्याच कुणीतरी 'मिन्स पायमध्ये मांस नसतं' असं लिहिलेलं वाचून मी बेकरीतून मिन्स पाय घेतला आणि पहिल्याच घासाला खिमा! हे काय? — एक वाचक, न्यूझीलंड

अरे बापरे. तुमच्याकडे नियम उलटा आहे भाऊ. न्यूझीलंडमध्ये नुसतं 'मिन्स पाय' म्हटलं की खिम्याचा पाय, बेकऱ्यांत, पेट्रोल पंपांवर गरम गरम मिळतो तो, आणि 'मिन्स अँड चीज' हा तर तिथला लाडका प्रकार. गोडवाला हवा असेल तर 'ख्रिसमस मिन्स पाय' किंवा 'फ्रूट मिन्स पाय' असं म्हणायचं. ऑस्ट्रेलियातसुद्धा सारणाला 'फ्रूट मिन्स' म्हणतात, आणि मला विचाराल तर सगळ्यांनी तेच म्हणावं, म्हणजे हे सदरच लिहावं लागणार नाही.

इंग्लंडातही हा फरक लक्षात ठेवा : 'मिन्स' म्हणजे खिमा, 'मिन्समीट' म्हणजे गोड सारण. 'बीफ मिन्स', 'लॅम्ब मिन्स' असं पाकिटावर असेल तर तो खिमाच. म्हणजे ज्यात मीट शब्द आहे ते गोड आणि ज्यात नाही ते मांस. हे तर्काने पाठ करायला जाऊ नका, डोकं दुखेल. अमेरिकेत तर आणखी वेगळं, तिथे काही भागात शिकार करणाऱ्यांच्या घरी हरणाचं मांस घालून जुन्या पद्धतीचं मिन्समीट अजूनही बरण्यांत भरतात, त्यामुळे न्यू जर्सी-बोस्टनकडच्या वाचकांनी घरगुती पाय पुढे आला तर विचारून घ्या. विचारण्यात लाज नाही.

प्रश्न : 'ऑपरेशन मिन्समीट' नावाचा सिनेमा पाहिला. युद्धाच्या कारवाईला खाण्याच्या पदार्थाचं नाव का? — एक वाचक, नाशिक

हा स्वयंपाकाचा प्रश्न नाही पण मला आवडला म्हणून घेतला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचरांनी लंडनमध्ये वारलेल्या ग्लिंडुर मायकल नावाच्या एका बेघर वेल्श माणसाचं प्रेत घेतलं, त्याला रॉयल मरीन्सचा मेजर विल्यम मार्टिन बनवलं, सोबत खोटी कागदपत्रं दिली आणि 30 एप्रिल 1943 ला सेराफ या पाणबुडीतून स्पेनच्या वेल्वा गावाजवळ समुद्रात सोडलं. कागदांवरून जर्मनांना वाटावं की हल्ला ग्रीस आणि सार्डिनियावर होणार, आणि खरा हल्ला जुलैमध्ये सिसिलीवर झाला. नाव मुद्दाम तयार केलेलं नव्हतं, वापरायला मोकळ्या असलेल्या सांकेतिक नावांच्या यादीत ते होतं, आणि कारवाईचा एक सूत्रधार यूएन मॉन्टेग्यू याला प्रेताच्या कामगिरीला हे नाव म्हणजे काळा विनोद म्हणून पसंत पडलं. 'टू मेक मिन्समीट ऑफ समवन' म्हणजे एखाद्याचा पार चेंदामेंदा करणं, हा वाक्प्रचार तर तुम्ही ऐकलाच असेल. त्यात अर्थातच जुनं, मांसवालं मिन्समीट आहे, बेदाण्यांचं नाही.

प्रश्न : सूएटशिवाय घरी मिन्समीट करता येईल का? सूएट घालतात तरी कशाला? इथे मिळणाऱ्या साहित्यात सांगा. ब्रँडी नको. — एक वाचक, सांगली

सांगलीकरांनी बेदाण्याचा पदार्थ विचारावा यापरतं काय हवं, तासगावचा बेदाणा दारात असताना तुम्हाला करंट शोधत फिरायची गरज नाही. (करंट म्हणजे कॉरिंथ या ग्रीक गावाच्या नावावरून पडलेलं नाव, बारीक काळ्या द्राक्षांचे बेदाणे. ब्लॅककरंट हे वेगळंच, झुडपाचं आंबट फळ. नावावर जाऊ नका, द्राक्षाचाच काळा बेदाणा घ्या.)

सूएट घालतात ते कशाला, तर ती चरबी फार उशिरा वितळते, साधारण 45 ते 50 अंशांना. लोणी त्याच्या कितीतरी आधी वितळून जातं. सूएट सारणात बारीक तुकड्यांनी राहतं, भट्टीत पाय गरम झाला की वितळतं आणि बेदाण्यांना चकाकी आणि तुपट तोंडभरपणा येतो. शिवाय साखर, चरबी आणि दारू मिळून सारण महिनोन्‌महिने टिकायचं, फ्रीज नसलेल्या काळात ते महत्त्वाचं होतं. पूर्वी ते चिवट सूएट घरी पातळ पापुद्रे सोडवत किसावं लागायचं, हाताला नुसता चिकटा. मँचेस्टरमध्ये गॅब्रिएल ह्यूगों या मूळच्या फ्रेंच माणसाने 1893 मध्ये तयार किसलेलं सूएट विकायला सुरुवात केली, अटोरा या नावाने, ते अजूनही मिळतं, आता व्हेजिटेबल प्रकारातही. त्याचे कीस एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला पीठ लावलेलं असतं, म्हणून ग्लुटेन न चालणाऱ्यांनी तेही बघायचं.

आपल्याकडे सूएटच्या जागी गार घट्ट लोणी किंवा तूप. डालडा घालू नका, टाळ्याला चिकटतो. मी तुपाच्या बाजूची आहे, पण एक सांगते, साजूक तूप आणि जायफळ एकत्र आलं की सारण करंजीच्या वळणाने जायला लागतं. मला त्यात काही वाईट वाटत नाही. तुम्हाला इंग्लिश चवच हवी असेल तर बिनमिठाचं लोणी घ्या.

साहित्य असं : 200 ग्रॅम पिवळे बेदाणे, 200 ग्रॅम काळे बेदाणे, दोन आंबट हिरवी सफरचंदं किसून, 100 ग्रॅम पाकवलेली संत्र्याची साल बारीक चिरून, 150 ग्रॅम ब्राउन शुगर (गूळ पावडर अर्धी घातली तरी चालते, पण सगळा गूळ नको, बाकी चवी दाबतो), 100 ग्रॅम लोणी किंवा तूप, एका संत्र्याचा आणि एका लिंबाचा रस, लिंबाची किसलेली साल, आणि जायफळ, दालचिनी, लवंग, थोडी जायपत्री मिळून एक चमचा पूड. काळे बेदाणे थोडे चिरून घ्या, नाव मिन्स आहे म्हटल्यावर एवढं तरी करायला हवं. संत्र्याच्या सालीऐवजी टुटीफ्रुटी घालायचा मोह होईल, तो आवरा, ती कच्च्या पपईची असते, रंग आणि साखर सोडून तिला काही चव नाही.

सगळं जाड बुडाच्या पातेल्यात एकत्र करून मंद आचेवर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं, सफरचंदाचं पाणी आटलं आणि बेदाणे फुगले की बंद. गार करून स्वच्छ कोरड्या बरणीत, बरणी फ्रीजमध्ये. ब्रँडी नाही त्यामुळे ग्लासबाईंचे चार महिने विसरा, दोन आठवड्यांत संपवा. पण लगेच वापरू नका, निदान दोन-तीन दिवस मुरू द्या, मसाला तेव्हा कुठे बोलायला लागतो. इंग्लंडात तर ख्रिसमसच्या आधी चार-पाच आठवडे येणाऱ्या एका रविवारी, त्याला स्टिर-अप संडे म्हणतात, पुडिंग ढवळायला घेतात, आणि बरेच जण मिन्समीटही तेव्हाच करून ठेवतात.

पारीसाठी 200 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम फ्रीजमधलं गार लोणी, चिमूटभर मीठ, बर्फाचं पाणी लागेल तेवढं. लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, रव्यासारखं झालं की पाणी घालून गोळा करा, मळत बसू नका, ही चपाती नाही. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून लाटा, मफिनच्या साच्यात छोट्या पाऱ्या बसवा, सारण पाऊण भरा (जास्त भरलंत तर उतू जाऊन साच्याला जे चिकटतं ते निघता निघत नाही), वर झाकण, झाकणाला सुरीने छोटी चीर.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या जुन्या इंग्रजी पाकपुस्तकात मिन्स पाय 'क्विक ओव्हन'मध्ये भाजा असं दिलंय आणि प्रत्येक कृतीला 'रिसीट' म्हटलंय. माझ्याकडे साधा ओटीजी आहे, त्यावर क्विक असं बटणच नाही. — एक वाचक, कोल्हापूर

रिसीट म्हणजे इथे पावती नाही, कृती. रेसिपी शब्द रूळायच्या आधी इंग्रजीत कृतीला रिसीटच म्हणत.

क्विक ओव्हन म्हणजे तापलेला ओव्हन. लाकडा-कोळशाच्या भट्टीला आकडे कुठून असणार, तेव्हा स्लो, मॉडरेट आणि क्विक अशी भाषा होती. बायका आत हात घालून किंवा पिठाची चिमूट टाकून ती किती वेळात तांबूस होते ते बघून अंदाज घ्यायच्या. आकड्यात सांगायचं तर स्लो म्हणजे साधारण 150 अंश सेल्सियस, मॉडरेट 180 च्या आसपास, क्विक 200 ते 220. पुस्तक थोडं अलीकडचं असेल तर 'गॅस मार्क 6' असं काही दिसेल, तो ब्रिटिश गॅस ओव्हनचा आकडा आणि त्याचा अर्थ 200 अंश. 'जिल' असं माप आलं तर ते पाव पिंट, म्हणजे साधारण 140 मिली.

तुमचा ओटीजी 200 वर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, आधी चांगली दहा-पंधरा मिनिटं तापवून घ्या आणि साचा मधल्या फळीवर ठेवा. छोटे पाय पंधरा ते वीस मिनिटांत होतात. ओटीजी लहान असेल तर वरचा रॉड झाकणं लवकर करपवतो, तसं दिसलं तर शेवटची पाच मिनिटं फक्त खालचा ठेवा. बाहेर काढल्या काढल्या तोंडात टाकू नका, आतला पाक वरच्या पारीपेक्षा कितीतरी गरम असतो.